साहेबांनी किती गाड्या घेतल्या?

माझा मामा माणसाच्या तोंडाकडे आधी बघतो, डोळ्यांकडे नंतर. पंचेचाळीस वर्षं कवळ्या बनवणाऱ्या माणसाला दुसरं जमणार तरी काय! दातांचा डॉक्टर नुसतं माप घेतो. त्या मापात प्लास्टर ओतून साचा काढायचा, मेणात एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरडी चढवायची आणि सगळं घासूनपुसून असं करायचं की लावणाऱ्याला हसताना तोंडावर हात धरावा लागू नये, हे काम मामाचं.

त्याची खोली दवाखान्याच्या मागच्या बाजूला, अरुंद जिना चढून गेलं की उजवीकडे. एक लांब टेबल, घासायचं यंत्र, मेण वितळवायचा दिवा आणि खिडकीत ओळीनं वाळत ठेवलेले जबडे. लहानपणी मी त्या जबड्यांना घाबरायचे. पुढे भीती गेली आणि मी त्यांना नावं ठेवायला लागले, म्हणजे खरोखरीची नावं. त्यातल्या एका पुढे आलेल्या जबड्याला मी माझ्या गणिताच्या बाईंचं नाव दिलं होतं. मामानं मला रागावण्याऐवजी विचारलं होतं, "त्यांचा उजवा सुळा असाच आहे का गं?"

त्याचा एक नियम होता. कवळी टोचली तर माणसानं परत यायचं, दहा वेळा आला तरी चालेल, आणि घासून देण्याचे पैसे नाहीत. लोक संकोचत म्हणायचे, "माझंच तोंड विचित्र आहे हो." मामा म्हणायचा, "तोंड तुमचं जन्माचं आहे. त्यात कवळी बसली नाही तर चूक माझी."

या माणसाला लोकांनी पुढे हावरट म्हटलं. म्हणून मी हे सगळं लिहायला बसले आहे.

मामा सहजासहजी फसणारा नव्हता. माझे वडील विमा विकायचे. सख्ख्या बहिणीचा नवरा, पण तीन वर्षं त्यांची डाळ शिजली नाही. मामा म्हणायचा, "भाऊजी, चहा घ्या, कागद पिशवीत ठेवा." शेजारच्या छापखानेवाल्यानं दामदुप्पट योजना आणली तेव्हा मामानं त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. त्याचा पैसा बँकेत होता आणि बँकेत तो निवांत झोपला होता.

मग दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे यंत्रं आली. तोंडात छोटा कॅमेरा फिरवायचा, चित्र संगणकावर पाठवायचं आणि कुठल्याशा कारखान्यात यंत्र दात कोरून देणार. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मामालाच काम देत राहिल्या, पण बाकीचे दवाखाने एकेक करून सुटले. दुसरी गोष्ट म्हणजे मामाचा उजवा हात. मेणात दात टेकवताना अंगठा थरथरायला लागला. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. मला कळलं, कारण तो दिव्याजवळ कोपर टेबलाला टेकवून काम करायला लागला होता. हात थांबला तर पुढे काय, हा प्रश्न त्याच्या डोक्यात होता. हाव म्हणतात ती हीच असेल, तर आपल्यातला प्रत्येक जण हावरट आहे.

नेमक्या त्याच दिवसांत ती जाहिरात आली.

एक नट आहे. चौदा वर्षं त्यानं टीव्हीवर एका सचोटीच्या पोलीस अधिकाऱ्याची भूमिका केली. त्या मालिकेत तो मंत्र्याच्या मुलाला बेड्या घालायचा, लाचेची पाकिटं परत करायचा, म्हाताऱ्या बायकांना हाताला धरून घरी पोचवायचा. त्याचं खरं नाव लोक विसरले. सगळे त्याला 'साहेब' म्हणायचे. आमच्या घरी मालिका सुरू झाली की मामी गॅस बंद करून यायची. मामा त्याचं तोंड बघून एकदा म्हणाला होता, "वरचे सहा बसवलेले आहेत. पण काम झकास. केलं कुणी कोण जाणे."

जाहिरातीत साहेब गणवेशासारखाच दिसणारा शर्ट घालून स्वतःच्या घराच्या दारात उभे. कंपनी विजेवर चालणाऱ्या गाड्यांची. आपण एक गाडी आपल्या नावावर विकत घ्यायची, कंपनी ती दुकानांचा माल पोचवायला भाड्यानं देणार आणि दर महिन्याला भाडं आपल्या खात्यात येणार. साहेब कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचे, "चौदा वर्षं तुम्ही मला ओळखता. मी कधी चुकीच्या माणसाच्या बाजूनं उभा राहिलो आहे? मी माझ्या घरच्यांसाठी गाड्या घेतल्या. तुम्ही?"

भाडंही अचाट सांगितलेलं नव्हतं. बँकेपेक्षा थोडं जास्त, इतकंच. आम्ही फसवणारे नाही हे दाखवायला त्यांनी आकडाही शहाण्यासारखा ठेवला होता. मामा मला म्हणाला, "दामदुप्पट म्हणत नाहीत बघ. आणि साहेबांनी स्वतः घेतल्यात."

"मामा, ते नट आहेत," मी म्हटलं.

"नटाला घर नसतं का? घरच्यांचं नाव घेऊन कोण खोटं बोलेल?"

मी वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करते. दिवसभर लोक घरच्यांची नावं घेऊन काय काय खोटं बोलतात ते मी टाइप करत असते. तरीही त्या दिवशी मी गप्प बसले. साहेबांवर माझाही विश्वास होता, हे कबूल करायला हवं.

मामा एका हॉटेलच्या सभागृहात त्यांच्या बैठकीला गेला. दारात साहेबांचा पुरुषभर उंचीचा पुठ्ठ्याचा पुतळा होता आणि लोक त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढत होते. मामानंही काढला. आधी एक गाडी घेतली. भाडं वेळेवर आलं, मग आणखी दोन घेतल्या. सात महिने काही बिघडलं नाही.

मामाच्या हाताखाली प्लास्टर ओतायचं काम एक बाई करायची. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. नवरा सोडून गेलेला, मुलगी परिचारिकेचं शिक्षण घ्यायच्या तयारीत. ताईचा हात इतका स्वच्छ की तिच्या साच्यात कधी बुडबुडा सापडायचा नाही. तिनं एक दिवस विचारलं, "काका, तुम्ही पैसे गुंतवलेत ते खरंच बरं आहे का?" मामानं खरं तेच सांगितलं, "मला तरी दर महिन्याला मिळतंय." ताईनं मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशांत एक गाडी घेतली.

आठव्या महिन्यात भाडं आलं नाही. नवव्यातही नाही. कंपनीतल्या मुलीचा गोड आवाज म्हणाला की प्रणाली बदलतेय. दहाव्या महिन्यात मी मामाला म्हटलं, "गाडीचे कागद दाखव." ताईलाही तिचे आणायला सांगितलं. दोन्ही कागद त्याच लांब टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मामाच्या दुसऱ्या गाडीचा नंबर आणि ताईच्या गाडीचा नंबर एकच होता. शेवटच्या अक्षरापर्यंत तोच.

ताईनं कागद खिडकीपाशी नेला, परत आणला. "छपाईची चूक असेल ना हो?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कंपनीच्या पत्त्यावर गेलो. काचेच्या दाराला साखळी होती. आत खुर्च्या उलट्या रचलेल्या, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला पुठ्ठ्याचा साहेब तेवढा हसत उभा. दारात पंचवीसतीस माणसं. एक जण दारावर लाथ मारत होता, बाकीचे त्याला आवरत होते. गाड्या पाहिलेला एकही माणूस त्या गर्दीत नव्हता.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. लिहिता लिहिता तिथला अंमलदार म्हणाला, "शिकलेली माणसं तुम्ही. नट काहीही सांगतो आणि तुम्ही सही करता?" नातेवाइकांनी तर ऊत आणला. छापखानेवाला मुद्दाम जिना चढून वर आला आणि म्हणाला, "माझी योजना नको होती ना तुम्हाला!" मामी बिचारी एकदाच बोलली, पण जिव्हारी लागेल असं बोलली. "त्याचे दात खोटे आहेत हे तुम्हाला घरबसल्या कळलं. बोलणं खोटं आहे ते कळलं नाही?" बोलून ती स्वतःच रडली.

मला संताप येतो तो इथं. प्रत्येक जण मामाला विचारत होता की तू विश्वास का ठेवलास. विश्वास ठेवावा म्हणून ज्यानं पैसे घेतले, त्याला कुणी काही विचारत नव्हतं. त्या चेहऱ्याची किंमत कशासाठी मोजली होती? लोकांनी चौकशी करू नये यासाठीच ना? मग चौकशी का केली नाही असं लोकांनाच कोणत्या तोंडानं विचारता?

साहेबांनी एका मुलाखतीत सांगितलं की त्यांनाही धक्का बसला आहे, तेही एका अर्थी फसलेच आहेत, चाहत्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. मुलाखत त्यांच्या नव्या घराच्या गच्चीवर होती. मागे पोहण्याचा तलाव चकाकत होता.

मामानं त्यांना पत्र लिहिलं. वहीच्या कागदावर, स्वतःच्या थरथरत्या अक्षरात. मी टाइप करून देते म्हटलं तर नको म्हणाला. पत्रात तीनच प्रश्न होते. तुम्ही घरच्यांसाठी किती गाड्या घेतल्या? तुम्हालाही आमच्यासारखंच भाडं येत होतं का? घेतल्या नसतील, तर घेतल्या असं का सांगितलंत?

पाच आठवड्यांनी जाड पाकीट आलं. मामानं ते चाकूनं हलकेच कापलं, आतलं काही फाटू नये म्हणून. आत साहेबांचा रंगीत फोटो होता. गणवेशातला. खाली सोनेरी शाईत छापलेली सही आणि शब्द, 'माझ्या लाडक्या चाहत्यास, प्रेमपूर्वक'.

मामानं फोटो उलटा करून पाहिला. मागे काही लिहिलंय का, म्हणून. मग टेबलावर ठेवला. पत्र कुणी वाचलंसुद्धा नव्हतं. इतक्या वर्षांत मामाच्या दारात आलेला एकही माणूस असा परत गेला नव्हता.

त्याच आठवड्यात मामानं ताईला समोर बसवलं. "तुझे पैसे मी देणार," तो म्हणाला. "थोडे थोडे देईन, पण सगळे देईन."

ताई एकदम भडकली. "तुम्ही का? तुम्ही काय टीव्हीवर आला होतात?"

"माझ्या सांगण्यावरून घेतलीस तू."

"मी विचारलं म्हणून तुम्ही सांगितलंत. तेही खरं तेच सांगितलंत. ज्यानं खोटं सांगितलं तो मोकळा, आणि तुम्ही भरपाई देणार? मग त्याच्याकडून कोण घेणार, काका?"

मामानं ऐकलं नाही. मुलीच्या शिक्षणाचा पहिला हप्ता त्यानं परस्पर जाऊन भरला, आणि ताई त्याच्याशी चार दिवस बोलली नाही. त्या चार दिवसांत तिच्या साच्यांत पहिल्यांदा बुडबुडे आले. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "भरलंत ते भरलंत. पण आता त्या माणसाला सोडायचं नाही." त्या वाक्यानं मामा पुन्हा ताठ बसला.

संधी आपल्या पायांनी चालत आली. एका सभागृहात दातांच्या यंत्रांचं प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला यंत्रवाल्या कंपनीनं साहेबांना बोलावलं होतं. डॉक्टरीणबाईंना दोन जास्तीचे पास मिळाले. त्यांनी ते मामाच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "मी काही सांगत नाही. प्रदर्शन बघायला जा."

मामा ठेवणीतला शर्ट घालून गेला. ताई बरोबर. मी रजा टाकून दारापाशी उभी. साहेबांनी फीत कापली, यंत्रातून निघालेला दात हातात धरून फोटो दिला, आणि खुशीत येऊन ध्वनिवर्धक घेऊन लोकांत उतरले. "विचारा, काहीही विचारा! आज मी तुमच्या ताब्यात!" लोक हसले. कुणीतरी विचारलं, सकाळी किती वाजता उठता? कुणीतरी विचारलं, मालिका परत कधी?

मामानं हात वर केला. साहेबांनी त्याच्यापुढे ध्वनिवर्धक धरला. "बोला काका!"

"साहेब, तुम्ही घरच्यांसाठी विजेच्या गाड्या घेतल्या असं टीव्हीवर सांगत होतात. किती घेतल्या?"

साहेब हसले. "काका, आज दातांचा विषय आहे."

सभागृह हसलं. मामा हसला नाही. "मी दातांचाच कारागीर आहे. किती घेतल्या तेवढं सांगा, मी खाली बसतो."

"अहो, ते वाक्य मला लिहून दिलेलं होतं."

"म्हणजे एकही नाही?" ताई उभी राहिली.

"ताई, मी कलाकार आहे. उद्या मी डॉक्टरची भूमिका केली तर तुम्ही माझ्याकडून ऑपरेशन करून घ्याल का?"

यावर टाळ्या पडल्या. खऱ्याखुऱ्या टाळ्या. शिकलेल्या माणसांनी, डॉक्टरांनी वाजवलेल्या. त्या टाळ्या मी अजून विसरलेले नाही.

मामा टाळ्या थांबेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, "तुम्ही भूमिकेत नव्हता. तुमच्या घरच्यांचं नाव घेतलंत, तुमच्याच घराच्या दारात उभे राहिलात. या बाईनं मुलीचे पैसे घातले. मी तुम्हाला पत्र लिहिलं, तुम्ही मला फोटो पाठवलात."

आता कुणी हसलं नाही. साहेबांच्या माणसानं ध्वनिवर्धक काढून घेतला आणि संगीत मोठं केलं. दोन रखवालदार मामाला कोपराला धरून दाराकडे आणू लागले. मामा त्यांना म्हणाला, "अरे, मी चालतोय ना." आणि चालत आला.

पण यंत्रवाली कंपनी तो सगळा कार्यक्रम फोनवर थेट दाखवत होती. तासाभरात त्यांनी तो काढून टाकला, तोवर डॉक्टरीणबाईंनी आपल्याकडे उतरवून घेतला होता. 'ते वाक्य मला लिहून दिलेलं होतं.' साहेबांच्याच तोंडून, स्पष्ट आवाजात.

ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापुढे आम्ही कंपनीबरोबर साहेबांविरुद्धही अर्ज केला. माझ्या वकीलसाहेबांनी फी घेतली नाही. दीड वर्ष तारखा पडल्या. साहेबांचे वकील कधी आजारी, कधी परगावी. एकदा तर साहेबांचं चित्रीकरण आहे म्हणून तारीख मागितली. मामा प्रत्येक तारखेला हजर. अध्यक्षबाईंनी शेवटी त्यालाच विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"त्यांनी या जाहिरातीचे जे पैसे घेतले ते बुडालेल्या लोकांत वाटावेत," मामा म्हणाला, "आणि त्याच दारात, तोच शर्ट घालून, त्याच वेळेला टीव्हीवर सांगावं की मी गाडी घेतली नव्हती."

साहेबांचे वकील ताडकन उठले. हा त्यांच्या अशिलाचा अपमान होईल, म्हणाले. अध्यक्षबाईंनी त्यांना खाली बसायला सांगितलं.

निकालात मामाचं सगळं मान्य झालं नाही. शर्टाचा आणि दाराचा मुद्दा गेला. पण माहीत असून खोटं सांगितलं हे मंडळानं लिहिलं, जाहिरातीचं मानधन जमा करायला सांगितलं आणि टीव्हीवर खुलासा द्यायला सांगितलं. साहेब वर अपिलात गेले आहेत. मानधन अजून जमा झालेलं नाही. कंपनीचे मालक कुठल्या देशात आहेत ते पोलीस शोधताहेत, असं पोलीस म्हणतात. मामाला आजवर मिळालं ते सात महिन्यांचं भाडं, तेही त्याच्याच पैशातलं. आणि साहेब सध्या पाण्याच्या टाक्यांची जाहिरात करतात. त्यांच्या घरी म्हणे तीच टाकी आहे.

एक मात्र झालं. निकालाची बातमी छापून आल्यावर लोक यायला लागले. एकटेदुकटे, कागद पिशवीत तळाशी लपवून. निवृत्त शिपाई, शाळेची आया, एक बसचालक आणि त्याचा जावई, दोघांनी एकमेकांना न सांगता गाड्या घेतलेल्या. मंगळवारी दुपारी मामा यंत्र बंद ठेवतो. ताई लांब टेबल पुसते, जबडे बाजूला सरकवते, आणि मी अर्ज लिहायला बसते. आतापर्यंत एकशेचार झाले. त्यांत एकाच नंबरच्या गाडीचे अकरा मालक निघाले.

गेल्या मंगळवारी एक बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली होती, आत यावं की परत जावं या विचारात. मामानं तिला पाहिलं.

"या ना," तो म्हणाला.

"मी घरी कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "सगळे हसतील मला."

मामानं खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली. "इथं कुणी हसत नाही. बसा. आधी पाणी घ्या, मग कागद काढा."

ती बसली. ताईनं पाणी आणून दिलं, आणि मी नवा अर्ज घेतला.